एका हातात मावेल असा कॅमेरा

बिरागो दुकानात शिरली तीच डावा हात कमरेच्या कापडात खोचून. दुकानदार डांक्वानं काउंटरवर एक काळा, भरदार कॅमेरा ठेवला. तिनं तो उजव्या हातानं उचलला, डोळ्याला लावला, मनात दहापर्यंत मोजलं आणि खाली ठेवला.

"जड आहे."

"मॅडम, दोन हातांनी धरा ना. कॅमेरा दोन हातांनीच धरायचा असतो."

"मला एकाच हातानं धरायचाय."

"डाव्याला काही झालंय का?"

"डाव्याला काही झालेलं नाही. तू दुसरा दाखव."

कुमासी शहराच्या आदुम भागातलं हे तिचं त्या दिवसातलं तिसरं दुकान. पहिल्यातले दोघे तिच्या तोंडावर हसले होते. दुसऱ्यातल्या माणसानं तिच्या कमरेत लपलेल्या हाताकडे बघत काउंटरवरच्या लेन्सा एक एक करून आत ठेवल्या आणि मग विचारलं होतं, "काय हवंय?" तिनं पाठ फिरवली होती. डांक्वा निदान हसत नव्हता. कंटाळलेला मात्र होता.

"हा बघा. आरसा नसलेला. म्हणून हलका. आणि याच्यात एक गंमत आहे, फोटो कसा येणार ते काढायच्या आधीच दिसतं. काळं कापड, काळा चेहरा, सगळं. मयताच्या फोटोंना याच्याइतका चांगला नाही."

"मयताचे काढायचेत हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमचं तोंड सांगतंय, मॅडम."

तिनं कॅमेरा उजव्या हातात घेतला. मूठ नीट बसली. अंगठा मागे, पहिलं बोट बटणावर, बाकीची तीन बोटं खाचेत. दहा, वीस, तीस मोजलं. मनगट थरथरलं नाही.

"हा ठीक आहे. लेन्स दाखव."

डांक्वाचा चेहरा उजळला. त्यानं आतून मुसळासारखी एक लेन्स काढली. "ही घ्या आणि निवांत राहा. लांबचं जवळ, जवळचं लांब, जागचं हलायला नको. लग्न, मयत, बारसं, सगळं एकीतच."

"ही कशी फिरवायची?"

"ही कडी आहे ना, ती डाव्या हातानं..."

"नको."

"अहो, पण सगळे हीच नेतात!"

"सगळ्यांनी न्यावी. जिला फिरवायला काही नाही अशी दे."

शेवटी त्यानं वाटीएवढी एक लेन्स काढून दिली, पस्तीस मिलिमीटरची. त्यासोबत पंच्याऐंशीचीही ठेवली. चेहरे हिच्यात लोण्यासारखे येतात, म्हणाला. बिरागोनं दोन्ही लावून पाहिल्या. पंच्याऐंशीच्या लेन्सनं डांक्वाचा नुसता चेहरा दिसे, सुंदर, मागचं दुकान विरघळून गेलेलं. पस्तीसच्या लेन्सनं डांक्वा दिसे, त्याचं काउंटर दिसे, वरचा पंखा दिसे, आणि त्याचे हातही दिसत. मयतीला येणारा माणूस एकटा नसतो. त्याच्या उजव्याडाव्याला कोण बसलंय, कुणाच्या हातात कुणाचा हात आहे, हेच लोक नंतर फोटोत शोधतात. आणि एक बदलून दुसरी लावायची तर दोन्ही हात चारचौघांत बाहेर काढावे लागणार. तिनं पस्तीसची घेतली.

"आणखी एक," पैसे घेऊन झाल्यावर डांक्वा म्हणाला. आता तो थोडा मऊ झाला होता. "हा पडदा असा वर उघडतो. कॅमेरा गळ्यात, पोटाशी. पडद्यावर चेहऱ्याला बोट लावलंत की फोटो निघतो. बटण दाबायलाच नको."

"चेहऱ्याला बोट लावायचं?"

"पडद्यावरच्या हो. माणसाच्या नाही."

"आमच्या गावात तेवढा फरक कुणी करत नाही," बिरागो म्हणाली.

तिचं गाव म्हणजे एफिदुआसे, कुमासीहून तासाभराच्या वाटेवर. आणि बिरागो जन्माची डावखुरी. आजीनं लहानपणी तिच्या डाव्या तळव्याला मिरची चोळली, शाळेत मास्तरांनी त्याच तळव्यावर छड्या मारल्या. "डाव्या हातानं बापाचं गाव दाखवू नये," हे तिला चालता येण्याआधी पाठ झालं असेल. मोठी झाल्यावर उजव्या हातानं जेवू लागली, देऊ-घेऊ लागली, नमस्कार करू लागली. डावा हात नुसता लटकत राहिला, घरात ठेवून घेतलेल्या वेड्या दिरासारखा. खायला घालायचं, पण पाहुण्यांपुढे आणायचं नाही.

त्याला काम मिळालं ते कॅमेऱ्यात. बटण उजवीकडे, म्हणजे मान उजव्याचा. पण लेन्सखाली तळवा धरायचा, कडी फिरवायची, तोल सांभाळायचा, ते सगळं डाव्याचं. अताकोरा मास्तर गावातला जुना फोटोवाला. त्याच्या हाताखाली ती आठ वर्षं शिकली. पहिल्याच महिन्यात तो म्हणाला होता, "पोरी, तुझा डावा माझ्या उजव्यापेक्षा शहाणा आहे." ते त्याचं शेवटचं गोड बोलणं. पुढे तिनं बाजारात स्वतःची पाटी लावली आणि अताकोरानं तिच्याकडे बघणंच टाकलं. समोरून आली तर तो रस्ता ओलांडून पलीकडून जाई, ऊन असलं तरी.

मग दोन वर्षांपूर्वीचं ते कार्य. नाना ओबिरी म्हणजे बिरागोच्या आईचे मामा आणि अख्ख्या कुळाचे प्रमुख. त्यांच्या भावाची वर्षाची क्रिया होती. सतरा म्हातारे एका ओळीत बसलेले. बिरागोच्या हातात भाड्यानं आणलेला दोन किलोचा कॅमेरा, डोळा त्याला चिकटलेला, उजवं बोट बटणावर. ओळीच्या टोकाला नाना ओबिरी अर्धे चौकटीबाहेर. आणि तिचा डावा हात लेन्सखालून सुटला, वर आला, आणि चार बोटांनी त्यांना बोलावलं. इकडे, इकडे सरका.

ढोल थांबले. तिला आधी वाटलं, कुणाला चक्कर आली.

एक मेंढा आणि दारूची एक बाटली द्यावी लागली. तेवढ्यानं नाना ओबिरींचा अपमान धुतला गेला असं पंचांनी ठरवलं, पण नानांनी काही ठरवलं नाही. आणि अताकोरानं तर पुढचे सहा महिने चौकात नक्कल करून दाखवली. एक डोळा मिटायचा, डावा हात वर करायचा, चार बोटं हलवायची, "याऽऽ म्हाताऱ्या, याऽऽ!" लोक पोट धरून हसत. त्या दिवसापासून बिरागोला एकाही मयतीचं बोलावणं आलं नाही. शाळेच्या पोरांचे ओळखपत्राचे फोटो तेवढे उरले. जिथे दर शनिवारी कुठे ना कुठे शोकाची तांबडीकाळी कापडं निघतात, तिथल्या फोटोवाल्या बाईला मयत नाही म्हणजे हलवायाला साखर नाही.

ताकिवा मावशी वारली नसती तर गोष्ट इथेच संपली असती. बिरागोच्या आईची ही थोरली बहीण. जीभ विंचवाची, मन मात्र सुपाएवढं. मरायच्या आदल्या आठवड्यात ती चार माणसांसमोर म्हणाली, "माझे फोटो बिरागो काढेल. अताकोरा काढतो त्यात सगळ्या बायका उकडलेल्या रताळ्यासारख्या दिसतात."

कुळाच्या बैठकीत नाना ओबिरींनी बिरागोला उभं केलं. बस म्हणाले नाहीत.

"मेलेल्या बाईचा शब्द मोडता येत नाही. नाहीतर तुला मी मांडवाच्या दोरीलाही हात लावू दिला नसता."

"हो, नाना."

"अताकोराही येईल. मी बोलावलंय त्याला. तुझं बिघडलं तर ताकिवाचे फोटो तरी राहतील."

"हो, नाना."

"आणि ऐक. तो हात एकदा जरी वर आला, तर या वेळी मेंढ्यावर भागणार नाही. या कुळाच्या कुठल्याही कार्यात पुन्हा कॅमेरा घेऊन पाऊल टाकायचं नाही. आणि आपल्या कुळानं टाकलेलीला दुसरं कुठलं कूळ बोलावतं ते मला बघायचंय."

मयतीला पाच आठवडे होते, तोवर मावशी शवागारात. कॅमेरा आणल्यावर बिरागो रोज सकाळी घरामागच्या केळीच्या बागेत जाई. डावा हात कमरेत घट्ट खोचून शेजारच्या कोंबड्यांचे, बकऱ्यांचे, फुफूसाठी उकडलेले कंद कांडणाऱ्या बायकांचे फोटो काढी. कॅमेरा स्वतःच डोळे शोधून त्यांच्यावर नजर धरी, हात हलला तर आतल्या आत सावरून घेई. तिला फक्त पुढे-मागे चालायचं होतं. लांबचं जवळ करायला आता पायच. पोटाशी कॅमेरा लटकवून पडद्याला बोट लावायचंही ती शिकली, उजव्या हाताचं. पोरं तशी ताठ होत नसत.

डाव्या हाताला मात्र करायला काही उरलं नाही. पहिल्या आठवड्यात तो कापडातून सारखा निसटायचा. चौथ्या आठवड्यात निसटेनासा झाला. बिरागोला त्याचं वाईट वाटलं, पण तिनं ते कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

शनिवारी पहाटे ताकिवा मावशीला पितळी पलंगावर निजवलं. गळ्यात सोनं, हातात पंखा, ओठ घट्ट मिटलेले. हयातीत ती कधी अशी गप्प नव्हती. बिरागोनं उजव्या हातानं, जवळ जाऊन, फोटो काढले. दारात अताकोरा मास्तर उभा होता. गळ्यात मुसळाएवढी लेन्स, अंगावर खिशाखिशांचं जाकीट.

"हे काय खेळणं आणलंयस?" तो हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाला. "आणि तो हात कुठाय? कापून टाकलास?"

"जागेवर आहे, मास्तर."

"बरं झालं. मला वाटलं, मेंढ्याबरोबर दिलास."

पलंगाशी बसलेल्या बायकांपैकी दोघी हसल्या. एक हसली नाही, ती एन्तिवा आजी, ताकिवाची बालमैत्रीण, वय ऐंशीच्या पुढे. तिनं अताकोराकडे असं बघितलं, जणू भाकरीत खडा लागला.

दफन झालं. दुपारी मैदानात मांडव भरले. तांबडी, काळी कापडं, ढोल, कर्ण्यातून देणगीदारांची नावं. बिरागो रांगांमधून फिरत होती, आणि अताकोरा तिच्यासमोरून फिरत होता. तिनं चौकट धरली की याची पाठ मधे. ती सरकली की हाही सरके. एकदा तर त्यानं वाकून बुटाची नाडी बांधली, नेमक्या मावशीच्या मुली गळ्यात गळा घालून रडत असताना. बिरागोनं दात आवळले. बाजूला हो म्हणून हात करावा, तर उजव्यात कॅमेरा आणि डावा कमरेत. तिनं नुसती वाट पाहिली. आयुष्यभर दुसरं केलं काय होतं?

चारच्या सुमाराला तिला दिसलं, अताकोरा नाना ओबिरींच्या खुर्चीमागे वाकून त्यांच्या कानाशी काही बोलतोय. नानांनी मान हलवली. मग अताकोरा सरळ झाला आणि ढोलांच्या वर आवाज चढवून म्हणाला, "बिरागो! मावशीच्या मयतीला आलीस आणि वडीलधाऱ्यांच्या हातात हात नाही दिलास? की उजवा फार कामात आहे?"

खरं होतं. येणारा प्रत्येक जण ओळीनं बसलेल्यांशी उजवीकडून डावीकडे हात मिळवत जातो. ती घरचीच, पण सकाळपासून तिनं ते केलं नव्हतं. आजूबाजूच्या माना वळल्या. बिरागोनं कॅमेरा गळ्यात सोडला आणि ओळीच्या उजव्या टोकापासून सुरुवात केली. एक म्हातारा, दुसरा, एन्तिवा आजी, चौथा. मग नाना ओबिरी.

तिनं वाकून हात पुढे केला. नानांनी धरला. आणि सोडला नाही.

तिनं हलकेच ओढून पाहिला. म्हाताऱ्याची पकड कोकोच्या शेंगा फोडून फोडून घट्ट झालेली.

"फोटो काढ," नाना म्हणाले.

"नाना?"

"ताकिवानं सांगितलंय ना, तू काढशील. माझा काढलायस का सकाळपासून? नाही. आता काढ."

"हात सोडा, नाना. लगेच काढते."

"असाच काढ."

मागे कुणीतरी खिदळलं. बिरागोला मान न वळवताही कळलं, अताकोरा तिच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिलाय, कॅमेरा सरसावून. तिचा तो हात वर आला की त्याला तो टिपायचा होता. या वेळी चौकातल्या नकलेची गरज नव्हती, पुरावाच मिळणार होता.

तिला रडू आलं नाही. राग आला. तोही नानांचा नाही, त्या हाताचा. पाच आठवडे शहाण्यासारखा गप्प राहिला होता. काय मिळालं त्याला? ज्यांना तो दिसायला हवा होता, त्यांनी तो ओढून बाहेर काढलाच.

तिनं नानांच्या डोळ्यांत पाहिलं.

"नाना, उजवा तुमच्या ताब्यात आहे," ती म्हणाली. आवाज शेवटच्या मांडवापर्यंत गेला. "मग जो उरलाय, त्याच्यासाठी सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर माफी मागते. सेबे. डावा आहे."

आमच्याकडे असंच असतं. ओझं असेल, उजवा खरकटा असेल, डाव्यानं काही द्यावं लागलं तर माणूस आधी 'सेबे' म्हणतो, आणि समोरच्याला ठरलेलं उत्तर देऊन ते मान्य करावं लागतं. दोन वर्षांपूर्वी डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला असताना हा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता. मेंढा खरं तर त्या राहिलेल्या शब्दाचा होता.

डावा हात कमरेतून निघाला. कापडाच्या घड्या मनगटावर उमटलेल्या. त्यानं कॅमेरा पोटाशी खालून उचलून धरला, पडदा वर उघडला. पडद्यावर नाना ओबिरींचा चेहरा, त्याभोवती एक छोटी पांढरी चौकट, आणि खाली दोन हात, एक म्हाताऱ्याचा, एक तिचा, एकमेकांत अडकलेले. बिरागोनं अंगठा पडद्यावरच्या चेहऱ्यापासून केसभर अंतरावर थांबवला.

थांबवलाच. आधी उत्तर यायला हवं होतं. त्यांची पकड आणखी आवळली होती.

"ओबिरी," एन्तिवा आजी म्हणाली. नाना वगैरे काही नाही, नुसतं ओबिरी, लहानपणी नदीवर हाक मारावी तसं. "पोरीनं सेबे म्हटलंय. तुझ्या आईनं याचं उत्तर शिकवलं नव्हतं का तुला?"

"तू मधे पडू नकोस."

"मी मधेच बसलेय, पडू कुठे? उत्तर दे. की ताकिवाला उठवून विचारू?"

आता बायका हसल्या, मोकळेपणानं, मयतीतही हसतात तसं. नाना ओबिरींच्या नाकपुड्या फुगल्या. त्यांनी अताकोराकडे पाहिलं. अताकोरानं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला नव्हता. म्हाताऱ्याला बहुधा तेव्हाच उमगलं की त्या चौकटीत डाव्या हातासोबत आपणही आहोत, बाईचा हात धरून बसलेले.

"डावाही हातच आहे," ते ठरलेलं उत्तर दातांतून म्हणाले. "मेंढा परत मिळणार नाही."

बिरागोनं अंगठा टेकवला.

नानांनी हात सोडला, झटकला, आणि म्हणाले, "दाखव." तिनं दाखवला. त्यांनी तो जवळ ओढून बघितला. चेहऱ्यावरचा राग जसाच्या तसा आला होता, एक सुरकुती कमी नाही. खाली ते दोन हात.

"मी असा दिसतो?"

"आज असे दिसलात."

"हं." त्यांनी कॅमेरा परत ढकलला. "कुळाचा फोटो राहिलाय. उन्हं उतरायच्या आत काढ. आणि तोंड बंद ठेवून काढ."

बायका-पुरुष उठून रांगा लावू लागले. चाळीस-पन्नास माणसं, तीन ओळी. बिरागो मागे मागे गेली, सगळे मावेपर्यंत. पस्तीसच्या लेन्समध्ये सगळे मावले. फक्त ओळीच्या टोकाला अताकोरा येऊन उभा राहिला होता. कुळाचा नव्हता, कुणी बोलावलं नव्हतं. हाताची घडी घालून, बरोबर चौकटीच्या कडेवर. तो हलला की एन्तिवा आजीची नात दिसणार होती, तो नाही हलला तर नाही.

बिरागोनं कॅमेरा डोळ्याला लावला. उजवं बोट बटणावर ठेवलं. मग डावा हात वर केला, अगदी खांद्याच्याही वर, सगळ्या मांडवांतून दिसेल असा.

"सेबे, मास्तर," ती म्हणाली, आणि चार बोटं हलवली. "डावा आहे. जरा बाहेर व्हा."

पहिली हसली ती एन्तिवा आजी. मग सगळी ओळ. नाना ओबिरी हसले नाहीत, पण त्यांनी उत्तर देण्यापासून मास्तरला वाचवलंही नाही. अख्खं कूळ त्याच्या तोंडाकडे बघत होतं आणि म्हणायला एकच वाक्य होतं, मघाशी नानांनी म्हटलेलं. अताकोरानं ते म्हटलं नाही. जागचा हललाही नाही.

बिरागोनं तीनपर्यंत मोजलं. मग एन्तिवा आजीच्या नातीला दोन पावलं आत घेतलं, स्वतः एक पाऊल डावीकडे सरकली आणि बटण दाबलं.

ताकिवा मावशीच्या घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर तो फोटो आहे. पन्नास माणसं, सगळी हसताना, एक नाना सोडून. अगदी उजव्या कडेला खिशाखिशांचं एक जाकीट आहे, आणि त्याच्यावर अर्धा चेहरा.